टस्कीगी : कार्व्हरांच्या गावाची पूर्ण माहिती, मतांच्या बदल्यात मिळालेली शाळा आणि मतासाठी झालेली लढाई

वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ मध्ये आलं आणि टस्कीगी हे नाव महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पोहोचलं. भुईमुगापासून शेकडो पदार्थ करणारे डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याच गावात राहिले, इथेच वारले. पण गावाची ओळख कार्व्हरांपुरती नाही. गुलामगिरी, कापूस, शिक्षण, सरकारने केलेला विश्वासघात आणि मताच्या हक्कासाठीचा लढा, असा अमेरिकेच्या दक्षिण भागाचा बहुतेक सगळा इतिहास या एका गावात घडला आहे.

एका नजरेत टस्कीगी

- देश : अमेरिका, राज्य : अलाबामा
- मेकन काऊंटीचं मुख्य ठिकाण
- वसवलं : १८३३
- लोकसंख्या (२०२० ची जनगणना) : साधारण ९,४००, संपूर्ण काऊंटीची साडेएकोणीस हजारांच्या आसपास
- राज्याची राजधानी मॉन्टगोमेरी : पश्चिमेला सुमारे ६५ किलोमीटर
- ओळख : टस्कीगी विद्यापीठ, डॉ. कार्व्हर, टस्कीगीचे वैमानिक

काऊंटी म्हणजे काय?

अमेरिकेत राज्याखाली काऊंटी असते. कामाच्या दृष्टीने ती आपल्या जिल्ह्यासारखी, पण आकाराने पुष्कळदा तालुक्याएवढी. मेकन काऊंटीचं क्षेत्रफळ सुमारे १,६०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका. काऊंटीचं कोर्ट, जमिनीच्या नोंदी, मतदार नोंदणी आणि शेरीफचं, म्हणजे निवडून आलेल्या पोलीस प्रमुखाचं ऑफिस जिथे असतं, ते काऊंटीचं मुख्य ठिकाण. टस्कीगीतही मधोमध चौक, समोर कोर्टाची विटांची जुनी इमारत आणि भोवती दुकानं अशीच रचना आहे.

त्या चौकात १९०९ मध्ये एक पुतळा बसवला गेला. गुलामगिरी टिकावी म्हणून जी दक्षिणी राज्यं लढली, त्यांच्या सैनिकाचा तो पुतळा. बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची आणि चौकात पुतळा हा, यावरून गावात वर्षानुवर्षं वाद होत आले आहेत. गावाचा पुढचा इतिहास वाचला की हा वाद का आहे ते समजतं.

आधी जमीन कोणाची होती?

ही जमीन मूळची क्रीक या आदिवासी समाजाची. गावाचं नावही त्यांच्याच ‘तास्किगी’ या वस्तीवरून आलं. १८३२ मध्ये अमेरिकन सरकारने क्रीकांशी करार केला आणि त्यांच्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांना मोकळ्या झाल्या. त्याच वर्षी मेकन काऊंटी तयार झाली. पुढच्या वर्षी जनरल थॉमस वुडवर्ड यांनी टस्कीगी वसवलं. १८३६ पर्यंत बहुतेक क्रीक कुटुंबांना सैन्याच्या पहाऱ्यात शेकडो मैल दूर पश्चिमेला हाकलण्यात आलं.

मेकन काऊंटी ज्या पट्ट्यात येते त्याला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात, म्हणजे काळ्या मातीचा पट्टा. काळ्या मातीत कापूस चांगला येतो, हे आपल्या विदर्भ-खानदेशातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तिथेही कापूस हेच पीक झालं. फरक एवढाच, की तो वेचणारे हात गुलामांचे होते.

या कापसाचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १८६१ ते १८६५ या काळात गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकेत यादवी युद्ध झालं. दक्षिणेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून त्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड आणि खानदेशच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या.

गुलामगिरी संपली, बटई सुरू झाली

युद्धानंतर गुलाम मोकळे झाले, पण जमीन मालकांचीच राहिली. मोकळी झालेली माणसं त्याच शेतांवर बटईने राबू लागली. बियाणं, खत, जनावर, घरात खायला धान्य, सगळं मालकाकडून किंवा दुकानदाराकडून उधार. हंगाम संपला की हिशेब व्हायचा आणि कापूस देऊनही अंगावर बाकी निघायची. सावकाराची वही आणि अडाणी कूळ हे चित्र आपल्यालाही अनोळखी नाही.

तरी एक नवी गोष्ट हातात आली होती. कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा अधिकार मिळाला होता.

एका मताची किंमत : शाळा

लुईस अ‍ॅडम्स हे टस्कीगीतले पत्रेकाम आणि चामड्याचं काम करणारे कारागीर. जन्माने गुलाम, पण लिहिता-वाचता येत असे आणि समाजात शब्दाला वजन होतं. १८८० च्या निवडणुकीत डब्ल्यू. एफ. फॉस्टर हे गोरे उमेदवार त्यांच्याकडे मतं मागायला आले. हे फॉस्टर युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेले.

अ‍ॅडम्स यांनी पैसे मागितले नाहीत. आमच्या मुलांसाठी शाळा द्या, एवढीच मागणी ठेवली. फॉस्टर निवडून आले आणि शब्द पाळला गेला. १८८१ मध्ये विधिमंडळाने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले.

जागेला, इमारतीला, पुस्तकांना मात्र एक पैसाही नव्हता. अ‍ॅडम्स आणि गावातले बँकवाले जॉर्ज कॅम्पबेल यांनी व्हर्जिनिया राज्यातल्या हॅम्प्टन संस्थेला पत्र लिहिलं, आम्हाला शिक्षक पाठवा. तिथून आले बुकर टी. वॉशिंग्टन. वय २५ वर्षं. तेही गुलाम म्हणूनच जन्मलेले.

तीन भट्ट्या वाया, चौथी लागली

४ जुलै १८८१ ला शाळा सुरू झाली ती एका चर्चजवळच्या पडक्या खोलीत, ३० विद्यार्थ्यांसह. काही महिन्यांत गावाबाहेरचा शंभर एकरांचा एक ओस पडलेला मळा कर्ज काढून घेतला. मालकाचा वाडा जळून गेलेला. कोंबड्यांचं खुराडं आणि तबेला साफ करून तिथे वर्ग भरले.

इमारत हवी तर विटा हव्यात. विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडायच्या ठरल्या. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरीही वाया गेली. वॉशिंग्टन यांनी आपलं घड्याळ गहाण टाकलं आणि त्या पैशातून चौथी भट्टी लावली. ती लागली. पुढे याच विटांनी संस्थेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आसपासचे गोरे लोकही विटा घ्यायला येऊ लागले. इमारतींचे आराखडे काढणारे रॉबर्ट टेलर हेही कृष्णवर्णीयच, अमेरिकेतल्या नामवंत एमआयटी संस्थेतून शिकून आलेले.

सुतारकाम, लोहारकाम, शेती, शिवण, छपाई शिकत शिकत पुस्तकी शिक्षण, ही टस्कीगीची पद्धत. १९०३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असलेल्या गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’ या आपल्या पत्रात वॉशिंग्टन यांच्या कामावर कौतुकाने लिहिलं होतं.

वॉशिंग्टन यांच्यावर टीकाही झाली. आधी हाताला काम आणि चार पैसे मिळवा, राजकीय हक्कांची घाई नको, असं ते जाहीरपणे सांगत. मत गेलं तर कमावलेलं काय टिकणार, असा सवाल डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्यासारख्या विचारवंतांनी केला. १९०१ मध्ये अलाबामाने नवं संविधान करून शिक्षणाची, मालमत्तेची, मतदान कराची अट घातली आणि कृष्णवर्णीयांची मतं जवळपास पुसून टाकली. ज्या मतांच्या जोरावर शाळा मिळाली, ती मतंच काढून घेतली गेली. वॉशिंग्टन यांनी अशा कायद्यांविरुद्धच्या कोर्टकचेरीला गुपचूप पैसे पुरवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी उघड झालं. १९१५ मध्ये ते वारले.

कार्व्हरांनी शेतकऱ्याला काय दिलं?

कार्व्हर १८९६ मध्ये शेती विभागाचे प्रमुख म्हणून आले. प्रयोगशाळा नव्हती. टाकाऊ बाटल्या, भांडी, तारा गोळा करून त्यांनी पहिली उपकरणं बनवली. प्रयोगाला मिळालेली जमीनही पडीक, वाळूमिश्रित.

वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेतल्याने जमिनी थकल्या होत्या. कार्व्हरांचा सल्ला साधा होता. कापसानंतर चवळी, भुईमूग अशी शेंगवर्गीय पिकं घ्या. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. आपल्याकडे ज्याला चांगला बेवड म्हणतात, तोच हा. विकतचं खत परवडत नसेल तर जंगलातला पाला आणि दलदलीतला गाळ कुजवून घाला. १९०५ मध्ये त्यांनी थकलेली जमीन कशी सुधारावी यावर पुस्तिका काढली. १९१६ मध्ये भुईमुगाची लागवड आणि त्याचे १०५ पदार्थ सांगणारी पुस्तिका आली. अशा ४० हून अधिक पुस्तिका त्यांनी लिहिल्या, साध्या माणसाला समजेल अशा भाषेत.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी १९०६ मध्ये अवजारं, बियाणं, लोणी काढायची यंत्रं घेऊन फिरणारी घोडागाडी निघाली. पैसे देणाऱ्या मॉरिस जेसप यांच्या नावावरून तिला ‘जेसप वॅगन’ म्हणत. थेट बांधावर जाऊन प्रात्यक्षिक दाखवण्याचा हा प्रकार. टस्कीगीतच शिकलेले थॉमस कॅम्पबेल ही गाडी चालवू लागले. सरकारी शेती विस्तार सेवेतले ते पहिले कृष्णवर्णीय कर्मचारी.

पुढे कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या सोंडकिडीने अलाबामात धुमाकूळ घातला, तेव्हा भुईमुगाकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. पीनट बटर कार्व्हरांनी शोधलं असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते खरं नाही. ते आधीपासून होतं. कार्व्हरांचं मोठेपण त्यात नाही, तर थकलेली जमीन आणि कर्जात बुडालेलं कूळ या दोघांचा एकत्र विचार करण्यात आहे. ५ जानेवारी १९४३ ला ते वारले. वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांची समाधी आहे. आयुष्याची बचत त्यांनी संशोधनासाठी संस्थेला देऊन टाकली.

सरकारी दवाखान्याने केलेला घात

याच काऊंटीत, याच काळात एक भयंकर प्रकार चालू होता. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेने गावोगावच्या सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांना निवडलं. ३९९ जणांना सिफिलिस, म्हणजे उपदंश होता, २०१ जणांना नव्हता. बहुतेक गरीब, बटईदार. तुमचं ‘रक्त खराब’ आहे, आम्ही तपासतो, असं सांगण्यात आलं. फुकट तपासणी, जेवण आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च, अशी लालूच दाखवली.

खरा हेतू वेगळाच होता. उपचार न करता हा रोग माणसाला कसा पोखरत जातो, ते सरकारला बघायचं होतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलीन हे खात्रीचं औषध सर्रास मिळू लागलं. तरी या लोकांना ते दिलं नाही. तब्बल ४० वर्षं हे चाललं. या काळात किती तरी जण रोगाने गेले, बायकांना लागण झाली. या माणसांना मुद्दाम रोग टोचला असंही सांगितलं जातं, ते चूक आहे. रोग आधीच होता. गुन्हा हा, की खरं सांगितलं नाही आणि औषध असून दिलं नाही.

आरोग्य सेवेतले पीटर बक्स्टन यांनी आधी वरिष्ठांकडे तक्रार केली. कोणी ऐकेना तेव्हा माहिती पत्रकारांना दिली. जुलै १९७२ मध्ये बातमी छापून आली आणि प्रयोग बंद झाला. १९७४ मध्ये सरकारने एक कोटी डॉलरवर तडजोड केली. १६ मे १९९७ ला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हयात असलेल्यांची आणि घरच्यांची जाहीर माफी मागितली.

या प्रकरणानंतर १९७४ मध्ये अमेरिकेत माणसांवरच्या संशोधनासाठी कायदा झाला. समजावून सांगून घेतलेली संमती आणि तपासणारी नैतिकता समिती हे नियम पक्के होण्यात टस्कीगीचा मोठा वाटा आहे. आज आपल्याकडेही औषधाच्या चाचणीआधी संमतीपत्र लागतं. ते तुमच्या भाषेत समजावून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आकाशात उडालेली पोरं

कृष्णवर्णीय माणूस लढाऊ विमान चालवू शकत नाही, अशी अमेरिकन लष्कराची समजूत होती. १९४१ मध्ये टस्कीगीत प्रशिक्षण सुरू झालं. मार्च १९४२ मध्ये पहिल्या तुकडीतले पाच जण वैमानिक झाले, त्यात पुढे सेनानी म्हणून गाजलेले बेंजामिन डेव्हिस होते. १९४६ पर्यंत इथून ९९२ वैमानिक तयार झाले. उत्तर आफ्रिका आणि युरोपच्या आकाशात ते लढले. मायदेशी परतल्यावर मात्र बसमध्ये आणि हॉटेलात पुन्हा वेगळ्या जागा. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी लष्करातला भेदभाव संपवण्याचा आदेश काढला.

चौकोनी गावाला २८ बाजू

आता मूळ मुद्दा, मताचा.

१९५० च्या दशकात टस्कीगी शहरात कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांच्या चौपट होती. त्यात प्राध्यापक होते, डॉक्टर होते. तरी मतदार यादीत नाव लागणं कठीण. अर्ज लांबलचक, परीक्षा अवघड, नोंदणीचं ऑफिस महिनोन् महिने बंद. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन आणि त्यांची टस्कीगी नागरी संघटना नेटाने पाठपुरावा करत राहिली. हळूहळू शहरात सुमारे ४०० नावं लागली.

४०० मतांनी सत्ता हलेल, ही भीती वाटली आणि १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने शहराची हद्दच बदलली. चौकोनी शहराला २८ बाजूंचा वेडावाकडा आकार दिला. चार-पाच सोडून सगळे कृष्णवर्णीय मतदार हद्दीबाहेर गेले. विद्यापीठही बाहेर गेलं. एकही गोरा मतदार बाहेर गेला नाही. प्रभागाची रेघ इकडची तिकडे झाली की निकाल कसा फिरतो, हे ग्रामपंचायतीच्या निवडणुका पाहिलेल्यांना ठाऊक आहे. इथे तर अख्खा समाजच रेघेबाहेर टाकला.

लोकांनी दगड उचलला नाही. गोऱ्यांच्या दुकानात जाणं बंद केलं. चौकातली अनेक दुकानं बसली. जोडीला कोर्टात केस. तरुण वकील फ्रेड ग्रे यांनी २८ बाजूंचा नकाशाच न्यायाधीशांपुढे ठेवला. १४ नोव्हेंबर १९६० ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला : वंशावरून मताचा हक्क काढण्यासाठी हद्द बदलणं घटनेविरुद्ध आहे. ‘गोमिलियन विरुद्ध लाइटफूट’ हा खटला आजही कायद्याच्या अभ्यासक्रमात आहे. जुनी हद्द परत आली.

लढा तिथे थांबला नाही. १९६३ मध्ये तेरा कृष्णवर्णीय मुलं गावच्या गोऱ्यांच्या हायस्कूलमध्ये जाणार होती. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी राज्याचे पोलीस पाठवून शाळा बंद ठेवली. कोर्टाच्या आदेशाने ती उघडली, तेव्हा गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली. जानेवारी १९६६ मध्ये सॅमी यंग या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला पेट्रोल पंपावर गोळी घालून मारलं. वाद होता तिथलं शौचालय वापरण्याचा. आरोपीला केवळ गोऱ्यांच्या ज्युरीने निर्दोष सोडलं.

त्याच वर्षी मेकन काऊंटीने लुशियस अ‍ॅमर्सन यांना शेरीफ निवडून दिलं. शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धानंतरच्या काही वर्षांचा काळ सोडला, तर दक्षिणेतले ते पहिले कृष्णवर्णीय शेरीफ. १९७२ मध्ये जॉनी फोर्ड महापौर झाले.

टस्कीगीची आणखी माणसं

- रोझा पार्क्स : मॉन्टगोमेरीत बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या. जन्म टस्कीगीत, ४ फेब्रुवारी १९१३.
- राल्फ एलिसन : नामवंत कादंबरीकार. १९३० च्या दशकात इथे संगीत शिकले.
- लायनेल रिची : जगप्रसिद्ध गायक. जन्म १९४९, टस्कीगी.

आज गावात काय आहे?

मत मिळालं, सत्ता मिळाली, पण सगळे प्रश्न सुटले नाहीत. गोरी कुटुंबं आणि त्यांचे धंदे मोठ्या प्रमाणात निघून गेले. मोठा महामार्ग गावाला वळसा घालून जातो. तरुण नोकरीसाठी मॉन्टगोमेरी, अटलांटा धरतात. काऊंटीची लोकसंख्या जनगणनेगणिक घटते आहे.

विद्यापीठ मात्र उभं आहे. तिथे तीन हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पशुवैद्यांपैकी निम्म्याहून अधिक इथून शिकून गेलेले आहेत. विद्यार्थ्यांनी पाडलेल्या विटांच्या इमारती, वॉशिंग्टन यांचं घर आणि कार्व्हर संग्रहालय हे सगळं राष्ट्रीय स्मारक आहे. वैमानिकांचं जुनं विमानतळही जपलं आहे.

गावाजवळ टस्कीगी राष्ट्रीय वनही आहे, सुमारे ११ हजार एकरांचं. कापूस घेऊन घेऊन निकामी झालेली, कोणाला नकोशी झालेली शेतं १९३० च्या दशकात सरकारने विकत घेतली आणि तिथे झाडं लावली. ज्या जमिनीबद्दल कार्व्हर सांगत होते, तिच्यावर आज पाइनचं जंगल आहे.